फ्रेमच्या पाठीवरचं नाव

काटकोन मामांच्या हातून तीस वर्षांत एकही फ्रेम पडली नव्हती. जी एक पडली ती त्यांनी स्वतः पाडली, आणि ती पडताना मामींनी डोळ्यांनी पाहिली. पण ते पुढं येईल.

काटकोन हे त्यांचं नाव गल्लीनं ठेवलेलं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहाचा कप हातात यायच्या आत हे उठून भिंतीवरचं चित्र सरळ करणार. मामींची आणि त्यांची पहिली भेट झाली तेव्हा मुलीकडे बघायचं सोडून हा माणूस खिडकीकडे बघत बसला होता. "चौकट डाव्या बाजूला उतरलीय," हे त्यांचं मामींशी बोललेलं पहिलं वाक्य. मामी हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं."

दुकान दोघांचं होतं. मामा पट्ट्या कापायचे, कोपरे जोडायचे, काच बसवायचे. मामी मागच्या खोलीत खळ शिजवायच्या आणि फ्रेम तयार झाली की तिच्या पाठीवर तपकिरी कागद चिकटवायच्या, म्हणजे आत धूळ जात नाही. आणि या दोन कामांच्या मध्ये एक तिसरं काम होतं, ते फक्त मामांचं. गिऱ्हाइकानं चित्र हातात दिलं की आधी चित्रामागं बसवायचा त्या मापाचा हार्डबोर्ड कापायचा आणि त्याच्यावर शिसपेन्सिलीनं लिहायचं: नाव, फोन, तारीख. बाकी सगळं मागाहून. लिहायचेही असं दाबून, की मामी म्हणायच्या, "अहो, लिहिताय की छिन्नी चालवताय?"

याला कारण होतं. दुकान नवीन असताना मामांनी दोन घरच्या दोन आजोबांची अदलाबदल केली होती. यांचे आजोबा त्यांच्याकडे गेले आणि त्यांचे यांच्याकडे. एका घरात तर परका म्हातारा आठ दिवस भिंतीवर होता तरी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण खरे आजोबा हयातीत इतके भांडकुदळ होते की मेल्यावरही कुणी मान वर करून बघत नव्हतं. दुसऱ्या घरात मात्र आजी त्या फोटोसमोर बसून रडल्या आणि मग त्यांनी डोळे पुसून पाहिलं. मामा त्या आजींच्या पाया पडून आले. त्या दिवसापासून नियम झाला: पाठीवर नाव असल्याशिवाय फ्रेम बंद व्हायची नाही, आणि ज्याचं नाव त्याच्याच हातात ती जायची. भावाच्या नाही, शेजाऱ्याच्या नाही. या नियमापायी मामांनी भांडणं केली, गिऱ्हाइकं तोडली, पण नियम काळ्या दगडावरची रेघ.

मूलबाळ नव्हतं. मामांची बहीण गेली तेव्हा तिची नऊ वर्षांची मुलगी या घरी आली, आणि मग घरात दुसरं कुणी हवं असं दोघांनाही वाटलं नाही. भाची दुकानातल्या कापून उरलेल्या माउंटच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चित्रं काढत वाढली. पुढं तिला सरकारी नकाशा कचेरीत नोकरी लागली. दिवसभर ती तिथं रस्ते, नाले, वस्त्या आखायची. मामांना तिचा एवढा अभिमान, की विचारलं नाही तरी सांगायचे, "आमची भाची नकाशा कचेरीत असते. चौथा मजला."

त्या चौथ्या मजल्यावर तिनं काय काय पाहिलं ते तिनं घरी कधी सांगितलं नाही. तिनं ते काढलं. चौकटींमागून चौकटी, चित्रकथाच्या चित्रकथा, आणि खाली सही एकच: 'टाचणी'. हाताहातांतून ती चित्रं शहरभर फिरली. कुणी कचेरीच्या जिन्यात चिकटवली, कुणी वहीत जपली. टाचणी कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरातल्या तिघांना ठाऊक होतं, आणि तिघंही मूग गिळून बसली होती.

मग गॅलरीवाल्या बाईंना प्रदर्शन करायची हुक्की आली. त्यांनी मामांकडे शब्द टाकला, कारण कुजबूज अशी होती की टाचणीची चित्रं या गल्लीतूनच कुठूनतरी निघतात. मामा म्हणाले, मी बघतो. आणि एका रविवारी भाचीनं छत्तीस चित्रांचा गठ्ठा स्वतः दुकानात आणून टेबलावर ठेवला. "मामा, एक शब्द बाहेर जाता कामा नये हं. गॅलरीवाल्या बाईंनाही नाही."

"माझ्या तोंडाला कुलूप," मामा म्हणाले. तोंडाला होतंच. हाताला कुलूप घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी मामी ठेवणीतलं नेसून गेल्या. पहिल्या भिंतीवर ती कचेरीची चित्रकथा होती. साहेब प्रत्येक कारकुनाला एकेक खोडरबर वाटतात, कारकून नकाशावरची एक वस्ती खोडतात, आणि शेवटच्या चौकटीत एक बाई सकाळी पलंगावरून पाय खाली टाकते तर खाली जमीनच नाही. दुसऱ्या भिंतीवर एका घराच्या भिंतीला कान उगवलेला. घरचे आधी घाबरतात, मग सवयीनं त्याच्यावर छत्री अडकवतात, टॉवेल वाळत घालतात. शेवटच्या चौकटीत कानाखाली तोंड फुटलेलं, आणि ते घरातल्यांचीच नावं एकेक करून घेतंय. या चित्रासमोर सगळ्यांत जास्त गर्दी होती. लोक हसत होते, पण हसून झालं की शेजारी कोण हसलं ते बघत होते. भाचीही आली होती, इतर चार माणसांसारखी. ती बाकीच्यांपेक्षा कमी हसली नाही आणि जास्तही नाही.

दोन माणसं मात्र हसत नव्हती. दोघांचे शर्ट एकाच इस्त्रीखालून आलेले. ती दोघं चित्रांकडे पाठ करून उभी होती आणि लोकांकडे बघत होती. मामींनी ती दोघं हेरली. घरी येताना त्या मामांना म्हणाल्या, "अहो, हे चांगलं लक्षण नाही." मामा म्हणाले, "टाचणी कोण हे गॅलरीत कुणालाच माहीत नाही. विचारून विचारून काय विचारतील?"

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एक चष्मेवाले साहेब आले. बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांनी पाकिटातून फोटो काढला: समुद्रकिनारी ते, त्यांची बायको आणि पायाला वाळू लागलेली लहान मुलगी. "साधीच फ्रेम करा. घाई काही नाही." मामी मागच्या खोलीत खळ ढवळत होत्या. बाहेर हार्डबोर्ड कापल्याचा आवाज आला, मामांची नेहमीची विचारपूस पुटपुटल्यासारखी ऐकू आली. मग साहेबांचा आवाज स्पष्ट आला.

"सगळ्यांचीच नावं लिहिता का हो?"

"सगळ्यांची," मामा फुशारकीनं म्हणाले. "तीस वर्षं झाली. एक फ्रेम बिननावाची गेली असेल तर दाखवा."

"वा! मग त्या गॅलरीतल्या छत्तीससुद्धा इथल्याच ना?"

मामी पळी तशीच हातात धरून बाहेर आल्या. मामांची पेन्सिल बोर्डावर टेकलेली होती आणि ते साहेबांकडे बघत होते. तीस वर्षांत मामींनी त्यांचा चेहरा इतका पांढरा पाहिला नव्हता.

"त्या... त्या गठ्ठ्यानं आल्या होत्या," मामा म्हणाले.

"हो का? असू दे, असू दे." साहेब उठले. "छान सवय आहे. आमच्या खात्यात अशी माणसं मिळत नाहीत. उद्या सकाळी आम्ही गॅलरीत जाणारच आहोत, वरून कागद येतोय. तिथलं उरकलं की तुमच्याकडे येतो." जाताना ते मामींकडे बघून हसले. त्यांना खरोखरच घाई नव्हती, आणि मामींना त्याचीच भीती वाटली.

साहेब कोपऱ्यावरून वळले. मग मामा स्टुलावर बसले. "अगं, मी लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"छत्तीसच्या छत्तीसांवर. तिचं नाव, बापाच्या नावासकट. फोन." त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "आणि खाली नकाशा कचेरी, चौथा मजला."

मामींच्या पायाखालची जमीन सरकली. छत्तीस वेळा त्यांनी स्वतः त्या नावावर कागद चिकटवला होता आणि एकदाही वाचलं नव्हतं. मागचं वाचणं त्यांचं कामच नव्हतं. संताप आला तो इतका, की पळी फेकून मारावीशी वाटली. "एवढी अक्कल! एवढी! कौतुकानं लिहिलंत ना चौथा मजला?" मामांनी मान हलवली. कौतुकानंच लिहिलं होतं. ते बघून मामींचा राग जागच्या जागी विरला आणि उरली नुसती भीती. त्यांनी खळीचं भांडं उचललं आणि म्हणाल्या, "उठा. किती वाजलेत?"

चार वाजले होते. गॅलरी सातला बंद व्हायची. ती इस्त्रीवाली दोघं दारातच खुर्च्या टाकून बसली होती. मामा हत्यारांची पिशवी घेऊन आत शिरले, मागोमाग खळीचं भांडं घेऊन मामी. मामा सरळ कानाच्या चित्रापाशी गेले, फ्रेम सरळ करायला म्हणून हात वर केले, आणि सोडून दिली. काचेचा चुरा झाला. सगळी गॅलरी वळून बघायला लागली. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र नाटक नव्हतं.

"तार वाईट निघाली, बाई," ते गॅलरीवाल्या बाईंना म्हणाले. "उद्या कुणाच्या डोक्यात पडेल. सगळ्याच तपासतो." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारातल्या त्या दोघांकडे. त्या मूर्ख नव्हत्या. "मागच्या खोलीत बसा," त्या म्हणाल्या. "मी लोकांना चहा सांगते."

खोलीत दोघं जमिनीवर बसले. मामी पात्यानं पाठीवरचा कागद फाडत, मामा खोडत. पण ज्यानं जन्मभर छिन्नीसारखी पेन्सिल चालवली त्याचं अक्षर खोडरबराला दाद देतं होय? शिसं निघालं आणि खड्डे राहिले. बोर्ड तिरका धरला की प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. मामांनी पॉलिश पेपर काढला आणि घासायला सुरुवात केली. दहाव्या फ्रेमला बोटांची कातडी गेली. विसाव्या फ्रेमला इस्त्रीवाल्यांपैकी एकानं दार ढकलून डोकं आत घातलं. "अजून किती वेळ?"

"सरळ व्हायला वेळ लागतो, भाऊ," मामा मान वर न करता म्हणाले. तो माणूस दार ओढून गेला.

छत्तीसही नावं गेली. पण प्रत्येक बोर्डावर घासल्याची एक उजळ जागा उरली. मामींनी चष्मा लावून पाहिलं आणि बोर्ड मामांपुढं धरला. "अहो, हे तर ओरडून सांगतंय की इथं काहीतरी होतं."

"सांगतंयच." मामांनी कानामागची पेन्सिल काढली. "रिकामी जागा दिसली की ते शोधत बसणार. चौथ्या मजल्यापर्यंत जाणार." आणि त्यांनी पहिल्या बोर्डावर त्या उजळ जागेत लिहिलं. स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता, आणि खाली: 'टाचणी'.

मामींनी त्यांचा हात धरला. "वेडे झालात?"

"नाव नसलं तर फ्रेम बंद होत नाही आपल्याकडे."

"मग माझंही लिहा."

"घरी कुणीतरी लागेल की तिच्याजवळ," मामा म्हणाले. "आणि मला खळ करता येत नाही. सुटून आल्यावर दुकान कसं चालवू एकटा?" यावर हसावं की रडावं हे मामींना कळेना. मामा लिहीत गेले. मामी एकेका फ्रेमच्या पाठीला खळ लावून कागद चिकटवत गेल्या, हातानं सपाट करत, एकही सुरकुती न ठेवता. आपण कशावर कागद चिकटवतोय हे या खेपेला त्यांना माहीत होतं.

संध्याकाळी जेवताना भाचीनं मामांची बोटं पाहिली. "मामा, हे काय?" "जुनं लाकूड होतं," मामा म्हणाले, आणि मामींनी ताटात डोकं घातलं. तिला काही सांगायचं नाही असं वाटेतच ठरलं होतं. कळलं असतं तर ती स्वतः जाऊन उभी राहिली असती.

सकाळी मामा लवकर दुकानात आले आणि त्यांनी साहेबांची फ्रेम पुरी केली. गिऱ्हाइकाचं काम ते गिऱ्हाइकाचं काम. मामींनी चष्म्याशिवायच पाठीवर कागद लावला. दहा वाजता साहेब आले, मागं ती दोघं.

"म्हणजे टाचणी तुम्हीच होय?" साहेब म्हणाले.

"मीच."

"काढून दाखवा बघू एखादं चित्र."

मामांनी पेन्सिल घेतली. कागदावर एक उभी रेघ मारली, एक आडवी मारली, आणि थांबले. काटकोन अगदी बिनचूक आला होता. यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं.

साहेब मनापासून हसले. "तुम्ही नाही हे मला कालच कळलं होतं. पण मला आज एक नाव पाठवायचंय, आणि तुम्ही ते छत्तीस ठिकाणी लिहून दिलंत. वरचे फार चौकशी करत नाहीत. चला." मामींनी फडक्यात गुंडाळलेला डबा पुढं केला, तो कुणी घेतला नाही. मामा दारातून वळून म्हणाले, "साहेब, तुमची फ्रेम तयार आहे."

"राहू द्या. मी येईन न्यायला."

त्यानंतर मामी आणि भाची दारोदार फिरल्या. या कचेरीतून त्या कचेरीत, या खिडकीवरून त्या खिडकीवर. सगळीकडे एकच उत्तर: असा कुणी माणूस इथं आणलेला नाही. मुख्य कचेरीतला तीन नंबरच्या खिडकीवरचा कारकून रोज त्यांना बघून कपाळाला आठी घालायचा. "गेला कोण ते कळलं, बाई. नेलं कोणी? नाव सांगा, म्हणजे लिहून घेतो. नावाशिवाय आम्ही काय लिहिणार?"

"चष्मेवाले साहेब होते," मामी सांगायच्या.

"इथं सगळ्यांनाच चष्मा आहे."

गॅलरीच्या दाराला सील लागलं होतं आणि गॅलरीवाल्या बाई घरी बसून होत्या. आठव्या दिवशी सकाळी भाची कपडे करून दुकानात आली. चेहरा सुकून चिमणीएवढा झालेला. "मी जाते, मामी. सांगते, मीच टाचणी. निदान मामांना तरी सोडतील."

"सोडणार नाहीत," मामी म्हणाल्या. "त्यांना एकाऐवजी दोन मिळतील, एवढंच. त्यांनी बोटं सोलून घेतली ती तू जाऊन उभी राहावीस म्हणून नाही." आवाज चढला तसा फुटला, आणि रडू दिसू नये म्हणून त्या फडकं घेऊन फळी पुसायला लागल्या. फळीवर तयार फ्रेमा होत्या. शेवटची हातात आली ती समुद्रकिनाऱ्याची. पायाला वाळू लागलेली ती मुलगी कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

मामींचं फडकं थांबलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. आठ दिवस! त्यांनी चष्मा शोधला, फ्रेम टेबलावर पालथी केली आणि पात्यानं कागदाची एक कड उचलली. आत काय असणार ते दुकानाचा नियमच सांगत होता.

आत मामांचं अक्षर होतं, खोल, दाबून लिहिलेलं. साहेबांचं नाव, वडलांच्या नावासकट. फोन. तारीख. जन्मभर दुसऱ्यांना नाव विचारणाऱ्या माणसाला पेन्सिल रोखून कुणीतरी नाव विचारलं होतं, आणि त्यानं ते सवयीनं, न अडखळता सांगून टाकलं होतं. खोटंही सांगितलं असेल, अशी शंका मामींना आली. भाचीनं दुकानाच्या फोनवरून तो नंबर फिरवला. दोनदा घंटी वाजली आणि तोच साखरेतला आवाज आपलं नाव सांगून म्हणाला, "बोलतोय." तिनं फोन ठेवला.

मग ती टेबलाशी बसली. तासाभरात तिनं तो चेहरा आणि खाली ते नाव तीन कागदांवर उतरवलं. एक ओळखीच्या वकीलबाईंना, एक गॅलरीवाल्या बाईंना, आणि एक तिनं स्वतःजवळ ठेवलं. सही केली नाही. मामींनी फ्रेम फडक्यात गुंडाळली, काखेत मारली आणि चपला घातल्या. "तू बाहेर थांब," त्या म्हणाल्या. "आत मी एकटी जाते."

तीन नंबरच्या खिडकीवर कारकुनानं मान वर केली. "बाई, रोज रोज काय? नाव आणलंत का?"

मामींनी फ्रेम खिडकीच्या फळीवर पालथी ठेवली. "वाचा."

त्यानं वाचलं. मग फ्रेम जराशी उचलून समोरची बाजू पाहिली आणि पुन्हा पालथी ठेवली. त्याच्या कपाळावरची आठी गेली आणि तोंडाचा रंगही गेला. त्यानं मागं वळून पाहिलं. मागच्या टेबलावरची दोन माणसं उभी राहिली होती. "हे... हे इथं जमा करावं लागेल," तो हलक्या आवाजात म्हणाला आणि त्यानं फ्रेमवर हात ठेवला.

मामींनी दुसऱ्या बाजूनं घट्ट धरली. कोपरे धरायची त्यांच्या हातांना तीस वर्षांची सवय होती.

"आमच्या दुकानाचा नियम आहे," त्या म्हणाल्या. "ज्याचं नाव त्याच्याच हातात. त्यांना बोलवा. आणि येताना माझा माणूस बरोबर घेऊन या म्हणावं, देणं त्याच्या हातून होतं."